दादांची एकमेव चूक

माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या रक्ताच्या थेंबावर जास्त विश्वास ठेवणारा इसम मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू. नागपूरला पॅथॉलॉजी शिकवायची चांगली नोकरी सोडून ते भिलाईला आले, तेव्हा तिथे पोलादाचा कारखाना उभा राहत होता. हॉस्पिटल म्हणजे एका ठेकेदाराने आपल्या मजुरांसाठी घातलेली पत्र्याची शेड आणि तिच्या एका टोकाला दादांची लॅबोरेटरी. मी तिथला टेक्निशियन. नोकरी त्यांनीच लावून दिली होती, त्यामुळे सासुरवाडी आठवड्याचे सहा दिवस माझ्या मानगुटीवर बसलेली असे.

डॉक्टर असून हा माणूस औषध देत नाही, हे गोंदियाच्या नातेवाइकांना अखेरपर्यंत पटलं नाही. माझ्या चुलतसासऱ्यांनी भर पंगतीत खोकत खोकत विचारलं, "मंग तू करतं का रे तिथं दिवसभर?" दादा म्हणाले, "बाकीचे डॉक्टर अंदाज करते, काकाजी. मी पाहातो." आणि खिशातून झाकणाची डबी काढून त्यांच्या पानासमोर धरली. "थुंका." वरणभात वाढणारा तसाच उभा राहिला. लग्नाला गेले की नवरीचं रूप बघायचं सोडून तिच्या पापणीच्या आतला रंग बघत. धाकट्या मेहुणीचं लग्न ठरत आलं होतं तेव्हा मुलाच्या आईची नखं निरखून म्हणाले, "बाईले जंत असावे." ते लग्न झालं, हा मुलाकडच्यांचा मोठेपणा.

मायक्रोस्कोप दुरुस्तीला रायपूरला न्यायचा तर बसमध्ये टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन. शेजारी मी, मान वळवून, जणू हा गृहस्थ माझा कोणी नाही. कुम्हारीला चढलेल्या एका बाईने मायेने विचारलं, "कै महिना के हे?" दादा सरळ म्हणाले, "चौदा साल का." बाई पुढच्या बाकावर जाऊन बसली.

मे महिन्यात पत्रा तापून लाल व्हायचा, पण खिडकी उघडायची नाही, पंखा लावायचा नाही. बाहेरची धूळ स्लाइडवर बसते. पेशंटची हकीकत कुणी सांगू लागलं तर हात वर. "आधी स्लाइड, मंग कहाणी." मी पाहिलेलं ते पुन्हा पाहत, आणि दोघांचं जुळल्याशिवाय सही करत नसत. त्यात मी पडलो घरचा जावई. जावयाला अरे-तुरे करायचं नाही, आवाज चढवायचा नाही, हा त्यांच्या घरचा कायदा. त्यामुळे मला शिव्यासुद्धा मानपानासकट मिळत. "बसा, जवाईबापू. पाणी घ्या. आन आता हे सांगा, तुम्ही आंधळे कवापासून झाले?" साध्या शिव्या परवडल्या असत्या.

मग त्यांना सिकल सेलचं वेड लागलं. आमच्या भागातल्या काही लोकांच्या रक्तात हा दोष आईबापांकडून येतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. वरून माणूस धडधाकट दिसतो, म्हणून मुकादम त्याला कामचोर ठरवतात. दादांनी अशा प्रत्येक 'कामचोरा'चं रक्त तपासायचं ठरवलं. रक्ताचा थेंब काचेखाली व्हॅसलिनने बंद करायचा. हवा कोंडली की दोष असलेल्या पेशी वाकतात, पण सावकाश. म्हणून स्लाइड संध्याकाळी बघायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघायची. सकाळचं पहिलं बघणं माझ्याकडे. कित्येक स्लाइडी मी अशा बघितल्या, बहुतेकींत काही नाही. मी कंटाळून गेलो होतो.

समारू नावाचा वीटकाम करणारा मजूर आला तो अधिक महिन्यात. "हाड़-हाड़ पिराथे, साहेब," हाडन्‌हाड दुखतंय, एवढंच तो म्हणत होता. बरोबरचा मुकादम म्हणाला, "नौटंकी है, साहब. रिपोर्ट साफ आया तो कल से छुट्टी इसकी." दादांनी रक्त घेतलं. संध्याकाळी मी पाहिलं, पेशी गोल होत्या. दुसऱ्या दिवशी दादांच्याच घरी माझं धोंड्याचं जेवण होतं. सासरे नव्हते, म्हणून जावयाचा मान दादाच करत. सकाळी आधी शेडमध्ये जायचं, मग आंघोळ, मग नवं धोतर, हे कोण करणार? मी संध्याकाळीच रजिस्टरात सकाळची नोंद करून टाकली, 'दोष नाही', आणि स्लाइड धुऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी पाटावर बसलो होतो. पाय परातीत. दादा खाली बसून माझ्या पायांवर पाणी घालत होते आणि बायको त्यांच्या मागे टॉवेल घेऊन उभी होती. पाणी घालता घालता त्यांनी विचारलं, "समारूची स्लाइड पाहिली ना जी सकाळी?"

मी म्हटलं, "पाहिली. काही नाही."

"ठेवली हाये?"

"धुतली."

त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी माझे पाय पुसले, वाण दिलं, नमस्कार केला. अशा दिवशी जावयाचा शब्द पारखून घेणं त्यांच्याच्याने झालं नाही. मुकादम दारात येऊन उभाच होता. दादांनी स्वतः न पाहता जन्मात एकाच रिपोर्टावर सही केली, ती ही.

समारूचं काम गेलं. तीन आठवड्यांनी त्याला खाटेवर घालून आणला, तो ओरडायच्या पलीकडे गेला होता. दादांनी स्लाइड स्वतः केली. सकाळी मला बोलावलं. "पाहा, जवाईबापू." मी डोळा लावला. सगळीकडे विळेच विळे होते.

"दिसते?"

"दिसते."

"बस."

त्या विषयावर ते माझ्याशी आयुष्यात एवढंच बोलले.

ठेकेदाराच्या मॅनेजरने चौकशी लावली. आधीची स्लाइड कुणी पाहिली, असं त्याने विचारलं. मी तोंड उघडणारच होतो, असं आजवर मी स्वतःला सांगत आलो. मी उघडणार नव्हतो. दादा म्हणाले, "सही माझी हाये. पाहाण्यात मी चुकलो." त्यांनी राजीनामा दिला, पण आधी समारू बरा झाल्यावर त्याला स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळेल, हे मॅनेजरकडून लिहून घेतलं. त्यांच्या जागी नवा पॅथॉलॉजिस्ट येईपर्यंत लॅब माझ्याकडे आली.

दादांनी दुर्गला दोन खोल्यांत स्वतःची लॅब काढली. तीही फार चालली नाही. नीट न बघता सही करणारा डॉक्टर, असं लोक म्हणत. एकदा चहाच्या टपरीवर माझ्यासमोरच कुणीतरी हे म्हणालं, आणि मी म्हटलं, "वय झालं त्यांचं." तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते.

आता दादा नाहीत. जाणत्या वयात मी ज्या माणसावर सगळ्यात जास्त वैतागलो, त्याची खोटी चूक मी खरी म्हणून मिरवू दिली. गेल्या आठवड्यात हे सगळं बायकोला सांगितलं. ती वाल सोलत बसली होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. मी गप्प झालो तेव्हा तिने सोललेले वाल आणि टरफलं एकातच टाकली होती, आणि ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दरसाल राखी बांधाले जाई, तवा मी त्याले बोले. दादा, नीट पाहून सही करत जा ना, लोकाचा जीव असते. आन तो नुसता हासे."