मनगटातला दुसरा ठोका

आधी रहीम चाचांचं नाव लिहिते. देवळाली कॅम्पात फौजी वर्द्या शिवणारे टेलर. ते नसते तर हे लिहायला मी नसते... बाकी चमत्कारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आठवीतून शाळा सुटली, गाव तिकडे किनवटला, आणि इथे अंबडच्या कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनलचं वायरिंग करते. सप्लाय नसेल तर वायर म्हणजे नुसती दोरी — एवढं मला पक्कं कळतं.

माझ्या हृदयाची झडप लहानपणापासून खराब. गोळ्या घेऊनही धडधड थांबेना, म्हणून नाशिकरोडच्या एका मॅडमकडे करंटचं ॲक्युपंक्चर सुरू केलं. मनगटात बारीक सुया, सुयांना क्लिपा, क्लिपांना मशीनच्या वायरी. "हृदयाला हुकूम देणाऱ्या नसा असतात, त्या शांत होतात," मॅडम म्हणायच्या. मशीन एकच — दोन वायरी मला, दोन पडद्यापलीकडे चाचांना. त्यांचं बायपास झालेलं.

त्या दुपारी अडीचच्या सुमारास लाईट गेली. मॅडमनी मशीन बंद करून वायरीही उपटल्या, लाईट आल्यावर झटका नको म्हणून.

"मॅडम, माझं मनगट चालूच आहे," पडद्याआडून चाचा.

"चाचा, वायर माझ्या हातात आहे."

"मग हे धडधड कोण करतंय? बेटा, तुझं तर नाही? हृदय आहे की शिलाई मशीन?"

मीही हसले. मॅडम खिडक्या उघडायला बाहेरच्या खोलीत गेल्या. मग चाचांचा आवाज बदलला.

"बेटा... हे थांबलं. तू बोल काहीतरी."

मला म्हणायचं होतं, मी ठीक आहे. खरंच काही दुखत नव्हतं. पण ओठ हलेनात, आणि छत लांब लांब जायला लागलं...

पुढचं मॅडमनी सांगितलं. चाचा सुया उपटून, पडदा ओढून आले होते. मनगटातून रक्त, आणि तोंडात एकच — "इसका बंद हो गया, मॅडम." माझी छाती दाबत दाबत दोघांनी मला खालच्या मजल्यावरच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे शॉक दिला तेव्हा ठोका परत आला. अजून थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. चाचांना कसं कळलं विचारलं, तर त्यांनी पुन्हा ईसीजी काढायला सांगितलं.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं.

आता कामावर वायरी कापताना माझ्या उजव्या मनगटात एक ठोका लागतो. संथ. माझा नाही — गळ्यावर बोट ठेवून पाहिलं, माझा वेगळा चालतो. एकदा तो एकदम पळायला लागला, तेव्हा फोन केला.

"चाचा, जिना चढताय का?"

फोनवर धापा टाकल्याचा आवाज. "...तुला कोणी सांगितलं?"

गेल्या आठवड्यापासून तो ठोका मध्येच गळतोय. कधी एक, कधी सलग दोन. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, "नव्या बॅचच्या वर्द्या द्यायच्यात, सोमवारी बघू." आज शुक्रवार. त्यांच्या घरात दुसरं कोणी नाही.

आई म्हणते, पोळ्याला घरी ये. मी टाळते. अंबडची खोली सोडून मी कॅम्पात त्यांच्या गल्लीत राहायला आले आहे. हे काय आहे, मला माहीत नाही, मॅडमनाही नाही. पण चाचा, तुम्ही मला वेळेवर ऐकलंत. तुमचं थांबेल तेव्हा पहिली मी पोचेन. हे वचन.