साहेबाची उतरलेली दुर्बीण

आमच्या घरातल्या दुर्बिणीचा काळा रंग दोन्ही नळ्यांवरून उडाला आहे आणि खालचं पितळ दिसतं. तिला चामड्याचा पट्टा नाही. मायनं वळलेली अंबाडीची दोरी आहे. पाहुणे हातात घेऊन विचारतात, "जुनी घेतली काय?" आणि मी मान ताठ करून हो म्हणतो. ही ताठ मान मला उशिरा आली.

मी पत्रकांवर वाढलो. बाबा अकोल्याच्या बाजारात वांगी आणि मेथी विकून परतताना दोन-दोन पैशांची पत्रकं आणत. त्यांना स्वतःला अडखळत वाचता येई, म्हणून मी मोटेच्या धावेवर उभा राहून मोठ्यानं वाचायचो. विसाव्या वर्षी मी स्वतः लिहू लागलो. "वऱ्हाड म्हणायला निजामाचं, कारभार नागपूरचा, हुकूम साहेबाचा आणि घाम आमचा," हे माझ्या पहिल्या पत्रकाचं पहिलं वाक्य. दुसरं पत्रक मी साहेबाचे उतरलेले कोट घालून मिरवणाऱ्या कारकुनांवर लिहिलं. उतरलेलं घेणारा माणूस वाकतो आणि वाकलेला देश उभा राहत नाही, असं माझं म्हणणं होतं. ते म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. फक्त दुर्बीण त्यातून वगळली आहे.

आमचं गाव बाळापूरजवळ. माघात तिथे शंकरपट भरतो, बैलजोड्यांच्या शर्यती होतात. आमच्या पटाचा एक नियम कडक होता: हाकणाऱ्याने बैलाला आर टोचायची नाही. आर म्हणजे लोखंडी टोक. बाबा बारा वर्षं पंच होते. पटाच्या शेवटी मचाण असे, त्यावर ते लाल निशाण घेऊन बसत आणि कुणी आर टोचली की निशाण वर करत. जोडी बाद.

एका वर्षी त्यांनी निशाण वर केलं ते माझ्या मामाच्या जोडीवर. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. जोडी हाकणारा धुरकरी म्हणून तो तालुक्यात गाजलेला. खाली उतरला आणि दोन्ही हात उघडून लोकांना दाखवले. रिकामे.

"भाऊजी," तो ओरडला, "तेवढ्या दुरून तुमाले बैल दिसते का हेला, ते सांगा आंधी!"

हेला म्हणजे रेडा. सगळा पट हसला. दुसऱ्या पंचांनी जोडी पास केली. बाबांनी मचाणावरून उतरून निशाण पाटलांच्या हाती दिलं आणि घरी आले. त्या दिवाळीला मामा भाऊबीजेला आला नाही. मायनं ओवाळणीचं ताट तयार करून संध्याकाळपर्यंत ठेवलं आणि मग निरांजन स्वतःच विझवलं.

तिच्यापुढचा पेच मला तेव्हा कळला. एक तर तिचा नवरा खोटा होता, नाही तर तिचा भाऊ. गावात मात्र "म्हातारबा, हेला दिसला काय?" हे रोजचं झालं होतं.

पौषात पाटील येऊन म्हणाले, "बसा पुन्हा मचानावर. पन या खेपेला डोयाले काई साधन पाह्यजे." मायच म्हणाली, "आनतो."

आम्ही दोघं आधी अकोल्याला गेलो. तिथल्या एका दुकानात नवी कोरी दुर्बीण होती. लाल मखमलीच्या पेटीत, चकाकणारी. बरोबर छापील कागद होता. लांबची वस्तू वीस पट जवळ, दोन्ही डोळ्यांना आराम, आयुष्यभराची सोबत. मी तो कागद मायला मोठ्यानं वाचून दाखवला, मोटेच्या धावेवर वाचायचो तसाच.

मायनं ऐकून घेतलं. "उजेडात घेऊन चाल," म्हणाली.

दुकानदार कुरकुरला, पण ती ओट्याखाली उतरलीसुद्धा. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एक बाई गाजरं घेऊन बसली होती. मायनं दुर्बीण डोळ्यांना लावली, काढली, पुन्हा लावली.

"ते एकटीच बसेल हाय ना?"

"हाव."

"मले दोघी दिसून राह्यल्या."

दुकानदार हसला. "बाई, सवय नाही तुम्हाला. डोळे ठरले की एकच दिसेल."

"पस्तीस वर्सं झाले, पानी मारेल मेथी अन् ताजी मेथी दुरून ओयखतो मी. डोये ठरेलच हायेत माये."

मला लाज वाटली. "माय, छापेल हाय इथं," मी कागद पुढे केला.

"ज्यानं छापलं त्यानं पाह्यलं होतं काय यातून?"

मी डोळे लावले, तर गाजरवाल्या खरोखर दोघी होत्या, एक जरा वर आणि एक जरा खाली. दोन नळ्या दोन दिशांना बघत होत्या. तोवर छापलेलं म्हणजे पाहिलेलं, असंच मी धरून चाललो होतो. स्वतः लिहितानाही.

मग आम्ही अमरावतीला गेलो. कॅम्पात एका म्हाताऱ्या चाचांचं दुकान होतं. बदली होऊन जाणाऱ्या साहेबांचं सामान तिथे विकायला येई: टेबलं, कंदील, घोड्याची खोगीरं. त्या ढिगातून चाचांनी ही दुर्बीण काढली. रंग उडालेली, पट्टा तुटलेला, नळीवर पोचा.

"लढाईतली हाय," चाचा म्हणाले. "जर्मन काच. साहेबानं तिकडून आणली, जाताना टाकून गेला."

किंमत नवीपेक्षा जास्त होती. मी उसळलोच. "माय, साहेबाचं टाकेल बाबाच्या गयात घालतं काय? मी काय लिहिलं हाय ठाव हाय ना तुले?"

"ठाव हाय. वाचून दाखोलं होतं तू." तिने दुर्बीण कानाशी नेऊन नारळासारखी हलवली. आत काही वाजलं नाही. "मले एक सांग. बैल नवा घेतला हाय काय कोनी? दुसऱ्याच्या वखराले चाललेला बैलच पाह्यतो आपून. त्याचे दात पाह्यतो, चाल पाह्यतो. मालक कोन होता, थे बैलाले इचारतो काय?"

चाचा मिशीत हसले. "पोरगा शिकेल दिसते, बाई."

"हाव ना. म्हनून तं मी आली संगं."

तिने दुर्बीण उलटी धरून उजेडाकडे पाहिली, बैलाच्या डोळ्यात वडस आहे का हे पाहावं तशी. काच स्वच्छ होती. मग एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून, मग दोन्ही उघडे ठेवून तिने मैदानापलीकडे पाहिलं. तिकडे धोब्याने दोरीवर कपडे वाळत घातले होते. बराच वेळ ती मनाशी मोजत होती.

"जाय," ती मला म्हणाली. "मोजून ये."

मी उन्हातून मैदान ओलांडून गेलो. धोब्याने मला चोर समजून हटकलं. परत येऊन म्हणालो, "अकरा."

"अकराच. अन् तिसऱ्या सदऱ्याले?"

"कोपरावर ठिगय हाय."

"लाल," माय म्हणाली आणि कमरेची पिशवी सोडली.

परतीच्या गाडीत दुर्बीण तिच्या मांडीवर होती आणि मी खिडकीतून बाहेर बघत होतो. अक्षर न ओळखणाऱ्या माझ्या मायनं त्या दिवशी मला वाचायला शिकवलं, असं मी म्हटलं तर माझे वाचक हसतील. हसोत.

माघात पट भरला. मायनं स्वतः बाबांच्या गळ्यात दोरी घातली. मचाणाखालून कुणीतरी हेल्यासारखं हंबरलं. बाबांनी तिकडे पाहिलं नाही. माय इतर बायांबरोबर बैलबंडीत उभी होती, मी मचाणाच्या पायाशी.

मामाची जोडी सुटली. धूळ उडवत ते दोन पांढरे बैल अर्ध्यावर आले आणि एकदम जोरात झेपावले. बाबांचं निशाण वर गेलं.

मामा खाली उतरला, तेच दोन्ही हात उघडे. "हे पाहा! आता काचेतूनबी तेच दिसते काय, भाऊजी?"

लोक हसायच्या तयारीत होते. बाबांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीसुद्धा नाही. सावकाश म्हणाले, "डाव्या अंगाले तिसरी बाभूय. बुडाशी पऱ्हाटीची पेंढी पडेल हाय. पेंढीच्या अलीकडं पाहा."

कुणी हललं नाही. मग बंडीतून माय उतरली. सगळ्या पटाच्या देखत, बैल सुटायच्या वाटेवरून, पदर खोचून ती एकटी चालत गेली. वाकली. परत आली तेव्हा तिच्या तळहातावर बोटाएवढी आर होती, मुठीत सहज लपेल अशी. तिच्या टोकाला रक्त होतं.

ती भावासमोर उभी राहिली. आर तिने पाटलांकडे दिली आणि बाबांकडे हात वर करून दुर्बीण मागितली. बाबांनी ती खाली सोडली. मायनं ती भावाच्या हातात दिली.

"पाह्य," ती म्हणाली.

मामानं डोळ्यांना लावली. तिसऱ्या बाभळीकडे तो बराच वेळ पाहत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"दिसते," तो म्हणाला. मग वर बघून, "दिसते, भाऊजी."

"मंग दिवाईले येजो," माय म्हणाली. "दोन वर्साची ओवायनी घ्याची हाय तुयाकून."

या वेळी लोक हसले, पण बाबांवर नाही. मी लाजलो नाही. पत्रक लिहिणाऱ्याच्या घरात असं खरं बोलणारं माणूस आहे, याचा मला तेव्हा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले आणि मलाच सगळं दोन-दोन दिसू लागलं.

बाबांनी दुर्बीण वर घेतली, दोरी गळ्यात घातली आणि सदऱ्याच्या टोकाने काच पुसली.

"बाद," त्यांनी सांगितलं. "दुसरी जोडी सोडा."