वाढत्या अंगाचा बोर्ड

कुंदामावशी दुकानात शिरल्या की आधी वस्तूकडे बघत नसत, पोराकडे बघत. त्याला समोर उभं करून, मान जराशी तिरकी करून, ते अजून किती वाढणार याचा अंदाज घेत. "हा बापावर जाणार. वीतभर तरी आहे अजून याच्यात," असं म्हणून त्या वीतभराच्या हिशेबानं शर्ट काढायला लावत. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या इमारतीत ज्या मुलाच्या बाह्या दुमडलेल्या आणि बुटांत कापूस, त्याची खरेदी मावशींनी केली आहे असं खुशाल समजावं. माझ्या सईला त्यांनी पहिलीत असताना घेतलेला एक फ्रॉक चौथीत कुठे नीट बसला, आणि तोवर तिला त्याचा रंग आवडेनासा झाला होता.

मावशी आमच्या नात्यातल्या नव्हत्या. आमच्याच मजल्यावर एका खोलीत राहायच्या. तरुणपणी चिपळूणहून दुबईला आल्या, एका कापड व्यापाऱ्याच्या ऑफिसात खरेदीचं काम बघू लागल्या आणि तिथेच केस पिकले. लग्न केलं नाही. भावंडांची शिक्षणं, लग्नं मात्र सगळी इथून निभावली. कुणी कुटुंब दुबई सोडून निघालं आणि घरातलं सामान विकायला काढलं, की ती बातमी आम्हाला मावशींकडून कळायची. फ्रिज, सायकली, अभ्यासाची टेबलं, काय काय त्यांनी आम्हाला मिळवून दिलं. "घेताना लाजायचं नाही आणि घेतल्यावर मिरवायचं नाही," हा त्यांचा मंत्र. मला तो पहिल्या अर्ध्यातच जड जायचा. छापील किमतीच्या दुकानातही त्या घासाघीस करत, आणि मी लांब अत्तरांच्या बाटल्या हुंगत उभी राहायची. त्यांना ते कळत असे. "अगं, इकडे ये. भाव मी करतेय, तू नुसती उभी राहा," असं त्या तिथून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत.

सई चौदा वर्षांची झाली आणि तिला बर्फाचं वेड लागलं. दुबईत जन्मलेल्या पोरीला बर्फ मॉलमध्येच भेटणार. तिथल्या कृत्रिम बर्फाच्या उतारावर ती स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून घसरणं, शिकली. उड्या, गिरक्या, अडथळ्यांवरून घसरत जाणं, हा जो फ्रीस्टाइल प्रकार असतो त्याची एक बॅच निघणार होती. जागा मोजक्या, निवड चाचणी घेऊन, आणि बॅचमध्ये यायचं तर स्वतःचा बोर्ड हवा. सई महिनाभर दुसरं काही बोलत नव्हती. कोचनं तिला नीट समजावून सांगितलं होतं: नवशिक्यानं फ्रीस्टाइलसाठी बोर्ड आखूड घ्यावा, उभा धरला तर हनुवटीपर्यंत यावा. लवचीक असावा, दोन्ही टोकं सारखी असावीत. बूट पायाला घट्ट हवेत. दुकानातली किंमत ऐकून मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले. मग अर्थातच मावशींकडे गेले.

आठवडाभरात त्यांनी माणूस शोधला. दुबई मरीना भागात एक युरोपियन कुटुंब गाशा गुंडाळून परत चाललं होतं. त्यांच्या हॉलमध्ये भिंतीला दोन बोर्ड टेकवून ठेवले होते. एक आखूड, वापरून खरचटलेला, सईच्या हनुवटीपर्यंत येणारा. दुसरा लांब, कडक, चकचकीत, तिच्या डोक्यावरून वर जाणारा. दोन्हींची किंमत सारखीच, तीनशे दिरहॅम. "सात हजार रुपये," मावशी मोठ्यानं म्हणाल्या आणि लांब बोर्डावर हात ठेवला. त्या घरच्या बाईंनी भलेपणानं सांगितलं की हा मोठ्या डोंगरांसाठी आहे, मुलीला जड जाईल. मावशी म्हणाल्या, "मॅडम, टुडे स्मॉल माउंटन, टुमॉरो बिग माउंटन." सई माझ्या कानाशी कुजबुजली, "आई, इट्स सपोज्ड टू बी टिल माय चिन." ते मावशींनी ऐकलं. "आज हनुवटी, उद्या कपाळ. तू काय तिथेच राहणार आहेस का? त्याच पैशात दोन वर्षं जास्त मिळतायत, वेडे." बूटही त्यांनी दोन नंबर मोठे घेतले, वर जाड मोज्यांचे जोड स्वतःच्या पैशांनी घेऊन दिले. सईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मावशींचं कधी चुकलंय का?

चाचणीच्या दिवशी मावशी मुद्दाम सुट्टी काढून आल्या. भाड्याचं जाकीट, त्याखाली स्वतःचे दोन स्वेटर, कानाला मफलर, असा सगळा सरंजाम. उताराच्या पायथ्याशी कोचच्या मागेच आम्ही उभ्या होतो. सईनं बोर्ड आणलेला पाहताच कोचनं भुवया उंचावल्या. हा राहू दे, आमच्याकडचा भाड्याचा घे, असं तो तिला म्हणाला. सईनं एकदा मावशींकडे पाहिलं. मावशींनी तिला हात केला. "नो, आय विल यूज माइन," सई म्हणाली.

वर गेली आणि तिथूनच हाल सुरू झाले. तो लांबडा बोर्ड तिला वळवताच येईना. ती अंग पिळायची, बोर्ड आपला सरळ जायचा. बुटात टाच उचलली जात होती ते मला खालूनही दिसलं. बर्फात बाकासारखा एक लांब अडथळा ठेवला होता, त्यावरून घसरत यायचं होतं. पहिल्या खेपेला ती त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. दुसऱ्या खेपेला पोचली आणि आडवी आपटली. तिच्याहून लहान मुलं शेजारून झरझर खाली येत होती. तिसऱ्यांदा पडली तेव्हा कोचनं तिला हातानं थांबवलं.

तो बोर्ड उचलून, वाकवून बघून म्हणाला, "हू टोल्ड यू टू बाय धिस? समबडी फूल्ड यू." चिडून नाही, कीव येऊन म्हणाला. मावशी त्याच्यापासून हातभर अंतरावर होत्या. मी तोंड उघडलं, पण काय बोलावं ते सुचेना. सईनं हेल्मेट काढलं. तिचे कान लाल झाले होते. "नोबडी. आय चोज इट मायसेल्फ," ती म्हणाली.

टॅक्सीनं घरी निघालो. बोर्ड आमच्या तिघींच्या मांड्यांवर आडवा होता. घरी आल्यावर मावशी माझ्या स्वयंपाकघरात उभ्याच राहिल्या, बस म्हटलं तरी बसल्या नाहीत. मग भिंतीकडे बघत सांगायला लागल्या. सातवीत असताना त्यांचा शाळेचा झगा तोकडा झाला होता. नवा दिवाळीशिवाय मिळणार नव्हता. कवायतीत हात वर केले आणि काखेपासून कमरेपर्यंत शिवण उसवली. सगळी शाळा हसली, बाई पण हसल्या. "तेव्हापासून ठरवलं गं, आपल्या हातून कुणाला काही तोकडं पडू द्यायचं नाही. आणि आज पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली. चारचौघांत. मी तिथे ठोंब्यासारखी उभी." मी म्हटलं, होतं असं, सोडून द्या. त्या म्हणाल्या, "तू सोड. माझ्याच्यानं नाही सुटणार." मला तरी कुठे सुटलं होतं. आई असून माझ्या तोंडून शब्द निघाला नाही आणि मावशींना झाकायला चौदा वर्षांची पोर पुढे झाली, याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी मावशी एकट्याच मॉलमध्ये गेल्या, हे मला मागाहून कळलं. कोचला गाठून, तिथल्या रांगेसमोर, आपल्या ऑफिसी इंग्रजीत आणि अडलं तिथे हिंदीत सांगितलं की बोर्ड मी निवडला, मुलगी खोटं बोलली, तिची चाचणी पुन्हा घ्या. कोच नुसता हसला. आँटी, सगळेच पहिला बोर्ड चुकीचा घेतात, म्हणाला. बॅच मात्र भरली होती. नेक्स्ट इयर, इन्शाल्ला. "तो हसला गं," मावशी मला म्हणाल्या. "ओरडला असता तर बरं झालं असतं."

त्यानंतर मावशींनी कुणाची खरेदी केली नाही. विचारायला आलेल्यांना, "मला नका विचारू, आता नजर गेली माझी," असं सांगून वाटेला लावलं. आखूड बोर्ड आहे का म्हणून मरीनातल्या त्या घरी फोन केला, तर तो कधीच विकला गेला होता. सई दिसली की त्या दाराआड व्हायच्या, आणि तिनं हाक मारली तर भाजी जळतेय असं काहीतरी सांगायच्या. सई मला विचारायची, "इज शी अँग्री विथ मी?" मी सांगितलं की राग नाही, ती लाज आहे. मोठ्या माणसाला एवढी लाज वाटू शकते हे तिला पटलं नाही.

वर्ष संपायच्या आत त्यांचं ऑफिस बंद झालं आणि मावशी चिपळूणला परत निघाल्या. खाली टॅक्सी आली होती. त्या आमच्या दारात आल्या आणि मला बाजूला सारून सरळ सईसमोर उभ्या राहिल्या. "सई, तो बोर्ड मी चुकीचा घेतला. तू मला अजून तसं म्हणाली नाहीस."

"इट्स ओके, मावशी. रिअली. इट्स फाइन."

"फाइन नाहीये. तू मला सांभाळून घेतलंस, बाळा. मोठ्या माणसांना असं सांभाळून घेतलं ना, की ती मान वर करू शकत नाहीत. मला तोंडावर सांग आणि मोकळी कर."

सईनं मावशींकडे पाहिलं. मग तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "यू वर राँग, मावशी," ती म्हणाली. "आय टोल्ड यू. अँड आय रिअली, रिअली वाँटेड दॅट स्पॉट."

"हो ना गं," मावशी म्हणाल्या. "तुला हवीच होती ती जागा."

मग दोघी तिथेच दारात रडल्या, आणि मी टॅक्सीवाल्याला थोडं थांबायला सांगायला खाली गेले.