इंजिनाखालचा गारवा

नागपूरला समुद्र नाही. त्यामुळे जहाजं दुरुस्त करायची जुनी गोदी बघण्याची हौस आम्ही छोट्या रेल्वेच्या बंद पडलेल्या इंजिन-शेडवर भागवली. तीही मे महिन्यात, भर दुपारी. अक्कल तेवढीच.

आम्हाला फिरवणारी मुलगी इंग्रजांच्या काळाबद्दल भरभरून बोलत होती आणि आम्ही गंजाचे फोटो काढत होतो. घोळक्यात डोक्याला ओला दुपट्टा बांधलेला एक म्हातारा होता. तो इथेच फिटर होता म्हणे. एका इंजिनाखाली दुरुस्तीचा दगडी खड्डा दिसला, तसा तो चपला काढून आत उतरला आणि भिंतीला पाठ टेकून बसला.

"काका, इथे उभं राहून तुम्ही काम करायचे?" मुलीने वाकून विचारलं.

"उभा काहून राहीन वं? झोपून. साहेबाले वरून फक्त पाय दिसे. मधातमधात पाना वाजवला का झालं. उन्हाळ्यात इथलं इंजिन लवकर दुरुस्तच होत नव्हतं."

मुलीचा चेहरा पडला. तिला घाम, कष्ट असं काहीतरी हवं होतं. तिने शेवटचा प्रयत्न केला. "शेड बंद झाली तेव्हा काय वाटलं?"

त्याने दगडावरून हात फिरवला.

"वाटते काय? घरी कूलर घ्या लागला."

सगळे हसले आणि पुढे निघाले. तो काही वर यायचं नाव घेईना.

मी चपला काढल्या.