ब्रेकची हवा काढणाऱ्या काकू

गाडीखाली शिरायचं म्हणून नवऱ्याची जुनी पँट चढवणाऱ्या बाई आमच्या मसोली गावात एकच होत्या. शेजारच्या काकू. तलासरीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या जुन्या व्हॅनचा काही वेगळा आवाज आला की मान तिरकी करून विचारायच्या, "हा का होत असेल ग?" वैतागून नाही, कोणी कोडं घातल्यासारखं.

काका होते तेव्हा ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा दोघं मिळून काढायचे. काका पेडलवर, काकू चाकापाशी. "दाबा... धरा," म्हणत काकू चाकामागचं बारीक निपल सैल करायच्या. फसफसतं तेल बाहेर आलं की ते घट्ट करून, "सोडा." काका दरवेळी खिडकीतून विचारायचे, "नक्की सोडू?" काका गेले आणि काकूंनी ब्रेकला हात लावणंच बंद केलं. गाडी मात्र चालवत राहिल्या.

माझी मावशी कासाच्या दवाखान्यात होती. तिला बघायला आम्ही दोघी निघालो. चारोटीच्या अलीकडे उतारावर पुढचा टेम्पो अचानक थांबला आणि काकूंचा पाय पेडलसकट तळाला गेला. त्यांनी भराभर पेडल मारलं, गिअर उतरवला, हँडब्रेक ओढला. टेम्पोपासून हातभर अंतरावर व्हॅन थांबली. मला रडू फुटलं. काकूंनी इंजिन बंद केलं.

"गाडीची काही चूक नाही ग," एवढंच त्या बोलल्या.

व्हॅन टोचन करून घरी आणली. मागच्या चाकातलं, ब्रेकचं तेल अडवणारं रबर फाटलं होतं. डहाणूहून नवं आणून काकूंनी स्वतःच बसवलं. आता हवा काढायची होती. "मी बसते पेडलवर," मी म्हटलं.

"नको. त्या खिडकीतून दुसऱ्या कोणाचा आवाज आला तर माझ्याच्याने काम होणार नाही."

मग त्या ओट्यावर बसून विचार करत राहिल्या. हवा दाबली की आक्रसते, तेल आक्रसत नाही. पेडल सोडलं की निपलातून हवा परत आत शिरते, म्हणून दुसरा माणूस लागतो. "पण तिथे हवाच नसली तर?" असं म्हणून त्या ताडकन उठल्या.

माशांच्या टाकीची पारदर्शक नळी त्यांनी निपलावर घट्ट बसवली आणि दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलं. निपल सैल केलं. सीटवर जाऊन सावकाश पेडल दाबलं, सावकाश सोडलं. नळीतून बुडबुडे गेले. परत आलं ते तेलच. "बघ, बघ!" त्या ओरडल्या. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीतलं तेल कमी होऊ न देता, लांबच्या चाकापासून जवळच्यापर्यंत त्यांनी चारही चाकं केली. निपलं घट्ट केली. पेडल कडक झाल्यावर आधी अंगणातच गाडी पुढेमागे करून पाहिली. मग त्या सीटवरच बसून राहिल्या. पहिल्यांदाच मी त्यांना काकांसाठी रडताना पाहिलं.

गेल्या वर्षी काकू मुलीकडे वापीला राहायला गेल्या. जाण्याआधी वरोरच्या एका मासळीवाल्याने व्हॅन घेतली. किल्ली हातात देण्याआधी काकूंनी त्याला गोणपाटावर आडवं व्हायला लावलं, नळी आणि बाटली समोर ठेवली.

तो हसला. "काकू, भाऊ आहे ना माझा पेडल दाबायला."

"असू दे भाऊ," काकू म्हणाल्या. "तरी शीक."