‘त्रास नाही’

कुठे पेजेचा वास आला की मला नायगावच्या चाळीतल्या माझ्या खोलीतली ती संध्याकाळ आठवते. भाचीला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा परळला उपचार करायचे म्हणून ताई तिला घेऊन गावाहून माझ्याकडे राहायला आली. हॉस्पिटलने ताईच्या मोबाईलवर एक ॲप घालून दिलं होतं. मुलीला दिवसभरात काय त्रास झाला ते संध्याकाळी त्यात भरायचं, मग ते पाहून नर्स औषध सुचवत. घरात कॉलेज शिकलेला मी एकटाच, म्हणून ते कसं भरायचं हे ताईला मीच शिकवलं होतं. एका संध्याकाळी भाचीने पेजेची वाटी दूर सारली. बघतो तर तिचं तोंड आतून सोललेलं. मोबाईल उघडला, तर आठवडाभर रोज एकच उत्तर होतं, ‘त्रास नाही’. “ताई, हे काय भरलंयस?” “अरे, देवमाणसं आहेत ती. पोरीसाठी एवढं करतात, आणि आपण रोज उठून गाऱ्हाणं घालायचं? बरं दिसतं का ते?” भाची पुटपुटली, “मामा, तू भर. पण आईला ओरडू नको.” मी भरलं. थोड्याच वेळात नर्सचा फोन आला. “अहो, आधी कळवायचं ना! रोज बरं दिसत होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. आत्ताच घेऊन या तिला.” ताईने फोनलाच हात जोडले. उपचार अजून चालू आहेत आणि ताई आता सगळं खरं भरते. पण त्या आठवड्यात किती दुखत होतं, हे तिने लेकीला अजून विचारलेलं नाही, आणि लेकीनेही सांगितलेलं नाही.