पवनेच्या फुगवट्यावर ऐकलेली शिट्टी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. लोणावळ्यात लहानाची मोठी झाले आहे. घाटातली पांढऱ्या साडीतली बाई, धुक्यात गाडीला हात करणारा म्हातारा... ऐकून ऐकून कान किटलेत. पर्यटकांना घाबरवायला टपरीवाले या गोष्टी चहासोबत फुकट देतात. त्यामुळे लोकांचे असे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. आता स्वतःच लिहायला बसले आहे आणि त्याचाही मला राग येतोय.

मी तळेगावला राहते. एका संस्थेत नोकरी करते, काम आपत्तीच्या वेळी मदत कशी करायची याचं प्रशिक्षण देणं. गेल्या वर्षी गणपती गेल्यावर पवना धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे अडलेल्या पाण्याच्या काठावर, आमचं पाच दिवसांचं शिबिर होतं. धरणात मासेमारी करणाऱ्या बारा जणांना बचाव स्वयंसेवक म्हणून तयार करायचं होतं. कल्पना चांगलीच आहे. दर पावसाळ्यात कुणीतरी फोटो काढता काढता पाण्यात जातं, आणि बाहेरून बोट यायच्या आत हीच माणसं पोहोचलेली असतात. पण चांगल्या कल्पनेची माती कशी करायची, ते आमच्याकडून शिकावं.

लाइफ जॅकेट आली ती शाळकरी मुलांच्या मापाची. स्लाइड्स आल्या त्या समुद्रातल्या चक्रीवादळाच्या. फॉर्ममधला पहिला प्रश्न होता, ‘पोहता येते का?’ तो ऐकून भिवाभाऊंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी त्या रकान्यात मुकाट्याने ‘हो’ लिहून टाकलं, बाराही जणांसाठी. भिवाभाऊ म्हणजे त्या सगळ्यांचे म्होरके. पन्नाशीचे, कमी बोलणारे.

पहिल्याच दिवशी शिट्ट्यांवरून खटका उडाला. प्रत्येकाला गळ्यात घालायला एक नारिंगी शिट्टी दिली आणि खूण शिकवली. तीन आखूड शिट्ट्या, मग थांबायचं, पुन्हा तीन. म्हणजे कुणीतरी संकटात आहे. कुणी शिट्टी तोंडाला लावेना.

“पान्यावर शिट्टी वाजवत न्हाईत म्याडम,” भिवाभाऊ म्हणाले. “वाऱ्याला बोलावनं जातं.”

“मग बुडणाऱ्यानं काय करायचं?”

“हाळी द्यायची. आमी कदी एकलं जातच न्हाई. एक तराफा जाळ्यावर, दुसरा हाळीच्या टप्प्यात. बापजाद्यापासनं असंच चालतंय.”

मी डोकं आपटून घेतलं. वारा, विज्ञान, आवाज किती लांब जातो, सगळं समजावून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाराही शिट्ट्या एका कॅरीबॅगमध्ये घालून त्यांनी मला साभार परत केल्या. सामान परत करायची जबाबदारी माझी, म्हणून मी त्या मोजल्या, पिशवीला गाठ मारली आणि माझ्या सॅकमध्ये टाकल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिवाभाऊ आमचा वर्ग भरायचा त्या शेडपाशी आले ते घाईतच. आदल्या संध्याकाळी जाळी टाकलेली होती, ती उचलून अकरापर्यंत येतो म्हणाले. आणि माझा फोन वाजत होता. साडेनऊच्या आत सगळ्यांचा एकत्र फोटो पाठवा, त्यावर जागा आणि वेळ दिसली पाहिजे, नाहीतर शिबिर झालं असं धरणार नाही, असा वरून आदेश.

“आज नाही जमणार,” मी म्हणाले. “जाळी कुठे पळून जातायत?”

“मासा नासतो म्याडम. आन् आमी न्हाई गेलो तर आबा एकलाच जाईल. त्यो ऐकायचा न्हाई.”

आबा म्हणजे त्यांचे चुलते. सत्तरीच्या पुढचे. पहिल्या दिवशी दारातूनच आत डोकावून, “मला काय शिकीवता?” असं म्हणून ते निघून गेले होते. आमच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

“मग जाऊ द्या ना त्यांना,” मी वैतागून म्हणाले. “आयुष्यभर जातायत, एक दिवस एकटे गेले तर काय होणार आहे?”

हे मी बोलले आहे. बारा जणांच्या समोर.

ते बसले. फोटो निघाला, गेला, वरून अंगठा आला. मी स्लाइड्स सुरू केल्या. शेडपासून पाणी पन्नास पावलांवर, ऊन स्वच्छ, वारा आमच्या पाठीकडून पाण्याकडे वाहत होता. वाऱ्याची दिशा मुद्दाम सांगतेय. साडेदहाच्या सुमाराला शिट्टी ऐकू आली. तीन आखूड. मग थांबली. पुन्हा तीन.

माझं डोकंच सणकलं. दोन दिवस हातापाया पडले तेव्हा कुणी वाजवली नाही, आणि आता चालू वर्गात चेष्टा! “कोण आहे बाहेर? कुणाकडे राहिलीय शिट्टी?” मी ओरडले. कुणी हसलं नाही. बारा जण समोर बसलेले, बाराही जणांचे हात मोकळे. मी तावातावाने सॅक उघडली. पिशवीची गाठ तशीच होती. नखांनी ओढून ती सोडवली, मोजल्या. बारा.

मोजत असतानाच पुन्हा वाजली. समोरून, पाण्यात उतरलेल्या डोंगराच्या सोंडेपलीकडून. आतमध्ये मणी असलेल्या प्लास्टिकच्या शिट्टीचा तो कर्कश आवाज मी कुठेही ओळखेन.

भिवाभाऊ उठले. “आबा तितंच हाय,” एवढंच म्हणाले आणि पळाले.

मी शिकवलेलं एकही काम कुणी केलं नाही. ना हजेरी, ना जॅकेट, ना जोड्या. मिनिटभरात प्रशिक्षणाची बोट पाण्यात होती, आणि ते मुलांचं जॅकेट कसंबसं अडकवून मीही आत होते. सोंडेला वळसा घातला तेव्हा वाऱ्याने पाणी चांगलंच उसळत होतं. थर्माकोलचा तराफा उलटा होऊन तरंगत होता. त्याच्यापलीकडे, बुडालेल्या आंब्याच्या झाडापाशी, आबांचा फक्त चेहरा पाण्यावर होता. आभाळाकडे तोंड, एका हाताने फांदी धरलेली. प्रत्येक लाटेबरोबर नाक पाण्याखाली जात होतं.

त्यांचे पाय त्यांच्याच जाळ्यात गुंतले होते आणि जाळं खाली झाडात. भिवाभाऊंनी चाकू दातात धरून बुडी मारली. दोनदा रिकामे वर आले. तिसऱ्यांदा आबांना घेऊनच आले. आबांचे ओठ निळे पडले होते, श्वास चालू होता. ओले कपडे काढणं, पांघरुणात गुंडाळणं, कुशीवर निजवणं... माझं शिक्षण अखेर तेवढ्यापुरतं कामाला आलं.

दोन दिवसांनी दवाखान्यात मी आबांना विचारलं, शिट्टी तुम्हाला कुठे मिळाली?

आबांना चक्क राग आला. “पान्यावर शिट्टी? मी? येडी का खुळी तू? दोन हाळ्या दिल्या. मग तोंडात पानी जाया लागलं, म्हनून गप ऱ्हायलो.”

“तुम्ही ऐकली का?”

“कानात पानी व्हतं. काय ऐकतो?”

आता खुलासे. ते मी सगळे करून पाहिले. पक्ष्यांचा नाद असलेला माझा मित्र म्हणाला, शीळ घालणारा कस्तुर असेल, तो माणसासारखी शीळ घालतो. घालतो खरा, लहानपणापासून ऐकतेय. पण तो भटकत भटकत, लांबलचक सूर लावतो. मोजून तीन, थांबून पुन्हा तीन असं काही करत नाही. पलीकडच्या काठावर तंबू लावणाऱ्यांकडेही मी जाऊन आले. त्या दिवशी तिथे कुणी उतरलेलंच नव्हतं. शिवाय वारा आमच्याकडून तिकडे जाणारा, मग तिकडचा आवाज एवढा स्पष्ट आला कसा? आणि तीन शिट्ट्यांची ती खूण त्या काठावर आम्हा तेरा जणांखेरीज कुणाला माहीत होती? ते तेराही जण शेडमध्ये होते.

वर हा सरकारी फॉर्म. ‘घटनेची माहिती कोणाकडून मिळाली? नाव व मोबाइल क्रमांक.’ रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढे सरकत नाही. मी ‘स्थानिक नागरिक’ लिहिलं. नंबर द्या म्हणून तीनदा फोन आला. शेवटी माझाच नंबर टाकून दिला.

आबा घरी आल्यावर मी त्यांना भेटायला गेले होते. सुमनमावशी, म्हणजे आबांच्या बायकोने, चहा दिला आणि समोर बसून विचारलं, “बाय, तुमाला कुनी सांगितलं गं? त्याच्या पाया पडायचंय मला.”

माझ्याने राहवेना. मी खरं ते बोलून टाकलं. म्हटलं, मावशी, त्यांच्यासोबत जाणारी माणसं मीच अडवून बसवली होती. चूक माझी होती.

“ते ठाव हाय मला,” मावशी शांतपणे म्हणाली. “भिवानं सांगितलंय. मी कुनी सांगितलं ते इचारतीय.”

फॉर्मच्या त्या रकान्यात अजूनही माझाच नंबर आहे.